सोबत्यांचा बाक

वार्धक्य ही अत्यंत सार्वत्रिक अवस्था असून ती नेहमी दुसऱ्याला येते. पुणे शहरात ही बाब विशेष ठळकपणे दिसून येते. येथे साठी पूर्ण केलेले, पंचाहत्तरी साजरी केलेले आणि सहस्रचंद्रदर्शन उरकून वर आणखी काही चंद्र पाहिलेले नागरिक लाखांनी आहेत. म्हातारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. (शेजारच्या इमारतीत एक आहे, असे प्रत्येक इमारतीत सांगतात.)

बिबवेवाडीचे श्री. दशरथ गजभिये यांनाही ही अवस्था आलेली नव्हती. त्यांचे वय फक्त बाहत्तर होते. सरकारी खात्यातून ते कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण भाषा निवृत्त झाली नव्हती. दूध नासले तर ते दूधवाल्याला 'सदर बाब गंभीर आहे' असे सांगत. पत्नी राधाबाई मुलाच्या तान्ह्या बाळाला सांभाळण्यासाठी बंगळुरूला प्रतिनियुक्तीवर गेल्या होत्या आणि मुदतवाढीवर मुदतवाढ मिळवत होत्या. घरी दशरथराव आणि त्यांच्या आई मुक्ताई, असे दोघेच होते.

मुक्ताई ब्याण्णव वर्षांच्या. आपण म्हाताऱ्या आहोत हे त्यांनी कधी नाकारले नाही, त्यामुळे तीस वर्षे इथे राहूनही त्यांना पुणेकर म्हणता येत नाही. त्या मूळच्या नागपूरकडच्या. छप्पन साली तीन वर्षांच्या दशरथाला कडेवर घेऊन त्या दीक्षाभूमीवर उभ्या होत्या. (दीक्षेच्या आधी जन्मल्यामुळे त्यांचे नाव दशरथ राहिले. नंतर झालेल्या धाकट्या भावाचे आनंद ठेवले. नावावरून घरात कोण आधीचा हे कोणालाही कळते.) तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याला त्या नागपूरला जात. पुण्यात बिऱ्हाड आले, गुडघे आले, मोतीबिंदू येऊन गेला, तरी हा नेम चुकला नव्हता.

तो गेल्या वर्षी चुकला. दसऱ्याच्या तोंडावर मायलेक जिना उतरत असताना, दशरथरावांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'जिन्यात पडण्याचा प्रकार घडला'. सुदैवाने हाड मोडले नाही. दशरथरावांनी तत्काळ आदेश काढला, की तज्ज्ञांचा अभिप्राय प्राप्त होईपर्यंत मुक्ताईंचा नागपूर प्रवास, विहारात जाणे आणि एकटीने जिना उतरणे स्थगित ठेवण्यात येत आहे. इमारत दोन मजल्यांवर आणखी दोन मजले एवढी, लिफ्ट नाही. लिफ्टचा विषय दर वर्षी सर्वसाधारण सभेत 'सविस्तर चर्चा होऊन' पुढच्या सभेकडे जातो. त्यामुळे मुक्ताई वर्षभर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून राहिल्या.

"मग आन तुझा तज्ज्ञ," त्या म्हणाल्या. "पन दसऱ्याच्या आधी आन."

तज्ज्ञ कोणता, हा पहिला प्रश्न. दशरथरावांनी तो ज्येष्ठ नागरिक संघात मांडला. ही संस्था अतिशय शिस्तबद्ध आहे. साठ पूर्ण असल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही, आणि सभासदांत म्हातारा एकही नाही. बसच्या पासापुरते, मुदतठेवीवरच्या जादा व्याजापुरते आणि एसटीच्या तिकिटापुरते सगळे ज्येष्ठ आहेत. (रेल्वेने सवलत काढून घेतल्यापासून रेल्वेत मात्र ते खालच्या बर्थपुरतेच ज्येष्ठ असतात.) म्हाताऱ्यांसाठी वेगळा डॉक्टर असतो हे ऐकून सभेत सौम्य खळबळ माजली. अध्यक्ष सर्जेराव, वय एकोणऐंशी, यांनी असा डॉक्टर असल्यास त्याची दया येते असे मत मांडले. बिचाऱ्याकडे पेशंट कुठून येणार?

"माझ्यासाठी नाही," दशरथराव म्हणाले. "आईसाठी विचारतोय."

हे ऐकल्यावर वातावरण निवळले. आईसाठी विचारणे सन्मान्य आहे. मग सर्जेरावांनी खुलासा केला, की आपल्याला हवा तो 'ज्येष्ठ डॉक्टर', आणि कसबा पेठेत असे एक आहेत. डॉ. श्रीनिवास यांच्याइतका ज्येष्ठ डॉक्टर शहरात दुसरा नाही.

हे विधान अक्षरशः खरे निघाले. मराठी भाषेत 'ज्येष्ठांचा डॉक्टर' आणि 'ज्येष्ठ डॉक्टर' यांच्यात फक्त एका षष्ठीचे अंतर आहे, आणि त्या अंतरात डॉ. श्रीनिवास बसलेले होते. वय सत्त्याऐंशी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, पुढे मुक्ताईंचा हात धरून दशरथराव चालत गेले. डॉक्टरांनी दोघांना प्रेमाने बसवले आणि दशरथरावांची नाडी धरली. पेशंट या आहेत, मी सोबत आलोय, असे दशरथरावांनी निदर्शनास आणले. डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त करून मुक्ताईंच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि हल्ली पूर्वीसारखे ठोके राहिले नाहीत, ऐकूच येत नाहीत, अशी तक्रार केली. मग त्यांचे पेन खाली पडले. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मुक्ताईंनी उठून त्यांना दंडाला धरून सरळ केले, खुर्चीत टेकवले आणि कोपऱ्यातल्या माठातले पाणी आणून दिले.

येथे एका स्थानिक प्रथेची नोंद घेणे आवश्यक आहे. तिला 'आलोच आहोत तर' असे म्हणतात. पुणेकर कुठेही एकाच कामासाठी जात नाही. आलोच आहोत तर दशरथरावांनी स्वतःच्या रक्तदाबाचा विषय काढला आणि डॉक्टरांनी थरथरत्या हाताने त्यांना एक गोळी लिहून दिली. रक्तदाबाची एक गोळी ते आधीच घेत होते, पण तिचे नाव वेगळे होते, त्यामुळे दोघींची ओळख पटण्याचे कारण नव्हते.

"चांगला मानूस हाये," परतताना रिक्षात मुक्ताई म्हणाल्या. "पन त्याले कोनाले तरी दाखवा."

दुसरा टप्पा एका मोठ्या इस्पितळाचा. (नाव सांगत नाही, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पेशंट बरा होतो ते.) तिथे ज्येष्ठांसाठी 'सुवर्णसंध्या' नावाची योजना होती. म्हाताऱ्या माणसांसाठी जे जे काढतात त्याला संध्याकाळचेच नाव देण्याची पद्धत फार हृद्य आहे. माहितीपत्रकावर एक पांढऱ्या केसांचे जोडपे हिरवळीवर बसून इतके खळखळून हसत होते, की त्यांच्या तपासण्या कशाला करायच्या हे कळेना. योजनेचा गाभा असा, की म्हातारा माणूस एकसंध आणायचा आणि विभागवार वाटून द्यायचा. हृदय दुसऱ्या मजल्यावर गेले, गुडघे तळघरात, कान तिसऱ्या मजल्यावर. चक्कर येते का हा प्रश्न कानवाल्यांनी मेंदूवाल्यांकडे वर्ग केला आणि मेंदूवाल्यांनी अभिप्रायासह परत पाठवला.

अभिप्राय सगळीकडे एकच होता. 'वयोमानानुसार.' आमच्या पाहणीनुसार पुण्यातील साठीनंतरच्या निदानांपैकी एकाहत्तर टक्के निदाने या एकाच शब्दात पूर्ण होतात. (पाहणी आम्ही केलेली नाही, पण आकड्याला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.) शब्द अत्यंत सोयीचा आहे. त्याला यंत्र लागत नाही, पेशंटला तो समजतो, आणि उद्या पेशंट आणखी म्हातारा झाला की निदान आपोआप अधिक अचूक होते.

प्रत्येक खिडकीवरची मुलगी दशरथरावांकडे पाहून विचारी, "पेशंट आपणच ना?" आणि दशरथराव दर वेळी थोड्या अधिक मोठ्या आवाजात सांगत, की मी सोबत आलोय. आत गेल्यावर ते आईच्या वतीने बोलत. आईला झोप लागते का, आईला भूक कशी आहे, आईला चक्कर येते का, या सगळ्याची उत्तरे ते सविस्तर देत. पडण्याचा प्रकार जिन्यात घडला, हेही ते सांगत. मुक्ताई समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत बसत. आणि मग, आलोच आहोत तर, दशरथराव आपले लघवीचे थोडेसे, झोपेचे जरासे, पोटाचे किंचितसे दाखवून घेत. या मोहिमेत मुक्ताईंच्या गोळ्या दोनच्या दोनच राहिल्या. दशरथरावांच्या पाचच्या आठ झाल्या आणि त्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात मावेनाशा झाल्या.

पावसाळा संपत आला. दसरा जवळ येऊ लागला. मुक्ताईंनी पांढरी साडी ट्रंकेतून काढून उन्हात घातली, घडी केली आणि परत ट्रंकेत ठेवली. दशरथरावांनी ते पाहिले आणि त्यांना फार वाईट वाटले. पण आदेश मागे घेणे त्यांच्या नोकरीच्या काळातही कधी जमले नव्हते.

शेवटी त्यांची मुलगी आम्रपाली कोथरूडहून आली. ती आयटीत आहे. वडिलांच्या फोनमध्ये 'ज्येष्ठ डॉक्टर', 'वरिष्ठ डॉक्टर' आणि 'अनुभवी वयस्क डॉक्टर पुणे' असे शोध पाहून तिने तो फोन टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, त्याला जेरियाट्रिशियन म्हणतात," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत आहे एक. मी दोघांची अपॉइंटमेंट घेते."

एक पेशंट आणि एक सोबती, अशी दुरुस्ती दशरथरावांनी सुचवली. आम्रपाली म्हणाली, तेच ते.

डॉ. चैताली मोघे यांचा दवाखाना तळमजल्यावर होता. त्याच्या पाटीला इतिहास आहे. पहिली पाटी 'वृद्धांसाठी दवाखाना' अशी होती. ती होती तोवर समोरच्या फुटपाथवरून लोक पाटीकडे न पाहता भराभर जात. (ज्यांना भराभर जाता येत नसे तेही त्या टप्प्यात प्रयत्न करत.) मग डॉक्टरांनी पाटी बदलून 'तुमच्या आई-वडिलांसाठी दवाखाना' अशी केली, आणि दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. सत्तरीचे, पंच्याहत्तरीचे, ऐंशीचे लोक येऊ लागले. सगळे चौकशीला येत. कोणी नव्वदीच्या आईसाठी, कोणी थोरल्या भावासाठी, कोणी 'आमच्या एका परिचितांसाठी'.

प्रतीक्षाकक्षात एका बाजूला उंच, हातांच्या, पाठीला उशी असलेल्या खुर्च्या होत्या. त्यांच्यावर 'पेशंट' असे लिहिले होते. दुसऱ्या बाजूला एक लांब, बुटका, बिनहातांचा बाक होता. त्यावर 'सोबती'. खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या. बाकावर नऊ जण दाटीवाटीने बसले होते, त्यांतले तिघे काठ्यांसह. काचेपलीकडून डॉक्टर अधूनमधून बाहेर नजर टाकत होत्या. भिंतीवर एकच सूचना होती: 'पेशंटने बोलावे. सोबत्याने ऐकावे.'

मुक्ताई सरळ जाऊन पहिल्या उशीच्या खुर्चीत बसल्या. बाकावरच्या नऊ जणांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि दशरथरावांसाठी सरकून जागा केली. दशरथराव बसले. बाक त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच खाली निघाला.

मुक्ताईंचे नाव पुकारले गेले. त्या खुर्चीच्या हातांना धरून उभ्या राहिल्या. दशरथरावही उठले, म्हणजे उठण्याचा निर्णय त्यांनी घेतला, पण अंमलबजावणी होईना. त्यांनी पुढे झोका घेतला, मागे आले, पुन्हा झोका घेतला. बाजूचे सोबती सौजन्याने छताकडे बघू लागले, कारण आपली वेळ पुढे यायचीच आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. शेवटी मुक्ताई दोन पावले परत आल्या, त्यांनी हात पुढे केला आणि मुलाला उठवले. दशरथरावांना क्षणभर अंधारी आली. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. काचेपलीकडे डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतले.

आत डॉक्टरांनी मुक्ताईंना तपासायला बराच वेळ घेतला. त्यांना चालायला लावले, वळायला लावले, जेवणात काय असते, घरी कंटाळा येतो का, असे साधे प्रश्न विचारले. दर प्रश्नाला दशरथराव तोंड उघडत आणि डॉक्टर न बोलता भिंतीकडे बोट दाखवत. इथेही आत तीच सूचना होती, जरा मोठ्या अक्षरांत.

"आजी, गेल्या वर्षात कधी पडलात का?" डॉक्टरांनी विचारले.

"जिन्यात पडण्याचा प्रकार—" दशरथरावांनी सुरुवात केली, आणि बोट वर गेले.

"मी नाही पडली," मुक्ताई म्हणाल्या. "हा पडला. याचा हात माह्या हातात होता, म्हनून मी बी खाली बसली."

कार्यालयीन मराठीची ही थोरवी आहे, की तीत प्रकार घडतो, चूक होते, रक्कम गहाळ होते, पण करणारा कोणी नसतो. दशरथरावांनी त्या वाक्यात एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते. फक्त वर्षभर ते वाक्य कर्त्याविना फिरत होते, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने ब्याण्णव वर्षांच्या बाईकडे पाहून कर्ता स्वतःच्या मनाने घातला होता.

मग हे आधी का सांगितले नाही, असे डॉक्टरांनी विचारले.

"मले कोनी विचारलंच नाही. सगळ्यांशी हाच बोले." मुक्ताईंनी मुलाकडे पाहिले. "आन याले कमीपना वाटला असता. लेकरू हाये."

लेकराचे कान लाल झाले. डॉक्टरांनी मुक्ताईंना सांगितले, की आजी, तुम्ही ठणठणीत आहात, नागपूरला खुशाल जा, फक्त जिन्यात कठडा धरा. मग त्या दशरथरावांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता पेशंटने कोचावर झोपावे."

त्यांचा रक्तदाब आधी आडवे करून घेतला, मग उभे करून. उभे राहताच तो इतका खाली आला, की डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बसवले. आम्रपालीने आठवणीने पिशवीत घालायला लावलेला गोळ्यांचा मिठाईचा डबा उघडण्यात आला. त्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी नांदत होती, लघवीची गोळी रक्तदाब आणखी खाली ओढत होती, आणि झोपेची गोळी सकाळी दहापर्यंत आपले काम इमानाने करत होती. आठांपैकी पाच गोळ्या डॉक्टरांनी बाजूला काढल्या. दशरथरावांना हे अपमानास्पद वाटले. डॉक्टरकडे जाऊन गोळ्या कमी होणे ही पदावनती आहे. आपले दुखणे इतके हलके आहे का, असे त्यांनी विचारूनही पाहिले.

मग मात्र डब्याचे झाकण लावत ते खालच्या आवाजात म्हणाले, की मला आई पडण्याची भीती नव्हती. मीच पडून राहिलो आणि आईच्या आधी गेलो, तर तिचे कोण बघणार, ही भीती होती. आई निघाली की हात धरून त्यांनाच जिना उतरावा लागे; वर्षभर त्यांनी आईला घरात बसवून ठेवले होते, ते याच भीतीने. पदनाम, आदेश आणि 'सदर बाब' वजा जाता हे पहिलेच वाक्य ते स्वतःच्या नावावर बोलले.

"तीन वर्षांचा होता तेव्हा तिथं गर्दीत मीच धरला होता याले," मुक्ताई डॉक्टरांना म्हणाल्या. "आता बी नेते. तुमच्या कागदावर लिवा, सोबती मी."

डॉक्टरांनी तसे लिहिले. दसऱ्याला मायलेक नागपूरला गेले. खालचे दोन्ही बर्थ मिळाले. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत पांढऱ्या साडीतली म्हातारी पाहून एका कार्यकर्त्याने धावत खुर्ची आणली. मुक्ताईंनी "जय भीम" म्हणून ती घेतली आणि दशरथरावांना तीत बसवले. ते बसले. त्यांना लाज वाटली आणि बरेही वाटले. आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

पुण्यात परतल्यावर त्यांनी संघात निवेदन केले, की आईला नागपूरला नेऊन आणले. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. नंतर एकेक जण त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांचा नंबर मागू लागला. कोणालाच तो स्वतःसाठी नको होता. सर्जेरावांना साताऱ्याच्या थोरल्या बंधूंसाठी हवा होता. (बंधू वारून चार वर्षे झाली.) दशरथरावांनी सगळ्यांना नंबर दिला आणि बाक बुटका आहे एवढी पूर्वसूचना मात्र दिली नाही.

आता हे वाचत असताना आपल्यालाही कोणाची तरी आठवण झाली असणार. वडिलांची, सासूबाईंची, वरच्या मजल्यावरच्या काकांची. हे त्यांना वाचायला द्यावे असा आपला विचार आहे, आणि तो स्तुत्य आहे. आपण स्वतः अर्थातच सोबती आहात. तेव्हा उठा आणि द्या त्यांना नेऊन. फक्त जिथे बसून वाचत आहात तिथून उठताना हात टेकायचा नाही.

आणि मागे-पुढे झोकाही घ्यायचा नाही.